मस्टरवरचा अंगठा

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं की ते साल सांगत नाही, दुष्काळ सांगतं. माझी आजी म्हणायची, "बहात्तरला मी खडीवर व्हते. तुझा धाकला चुलता तवा झोळीत." झोळी बाभळीच्या फांदीला, बाभळ रस्त्याच्या कडेला, आणि तो रस्ता अजून रस्ता झालेलाच नव्हता. तो आजीच्या आणि तिच्यासारख्या शे-दोनशे बायामाणसांच्या हातांनी व्हायचा होता. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, दगड पुढ्यात घ्यायचा आणि उजव्या हातानं हातोडी घालायची. दिवस मावळायच्या सुमारास खडी लाकडी पेटीनं मोजली जायची. पेटी शिगोशीग भरली तरच ती पेटी; जरा खाली राहिली की मुकादम म्हणायचा, अजून टाक. आठवडा भरला की मस्टरवर अंगठा.

त्या अंगठ्याच्या बदल्यात मिळालेले पैसे हे आजीच्या आयुष्यातले तिच्या स्वतःच्या नावावरचे पहिले पैसे. त्याआधी ती राबत नव्हती असं थोडंच? पण घरच्या रानात राबणं हे काम धरलंच जात नव्हतं. दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली तर मजुरी म्हणून पदरात ज्वारी पडायची, आणि ती सासऱ्यासमोर नेऊन ओतायची. मस्टरवर मात्र तिचं नाव होतं. तिच्या नावापुढं तिचाच अंगठा लागत होता, सासऱ्याचा चालत नव्हता.

जगात आज मूलभूत उत्पन्नाचे प्रयोग होत असतात. फिनलंडनं २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं दोन हजार बेरोजगारांना दरमहा ५६० युरो दिले, काम शोधायचीसुद्धा अट न घालता. केनियातल्या खेड्यांत माणसांच्या मोबाइलवर पैसे जमा होतात. मागोमाग अभ्यासक वह्या घेऊन फिरतात. पैसे आल्यावर घरात काय शिजतं, कर्ज किती फिटतं, माणूस काम सोडतो की वाढवतो, बाई दुखणं अंगावर काढते की दवाखान्यात जाते, हे सगळं लिहून घेतात. ती टिपणं वाचताना मला दर वेळी वाटतं, असाच एक प्रयोग आमच्या बालाघाटाच्या माथ्यावर अर्ध्या शतकापूर्वी सुरू झाला होता. अट एकच होती, घाम गाळायची. त्याला कुणी प्रयोग म्हटलं नाही. आधी दुष्काळी काम म्हटलं, मग हमीचं काम. पण सरकारनं गरिबाला शब्द दिला होता की तू मागशील तर तुला चार पैसे मिळतील, आणि अशा शब्दानं घराचं काय होतं ते बीड जिल्ह्यानं तीन पिढ्या पाहिलं. त्याची नोंद राहिली ती घनमीटरांत आणि किलोमीटरांत. आजीच्या बोटांना तिथं रकाना नव्हता.

दुष्काळात लोकांना राबवून जगवायचं, ही रीत जुनी. तिचे लेखी नियम झाले ते इंग्रजांच्या काळात. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचा रोज जेमतेम एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणून ठेवला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती कामं सोडून दिली. खायला नसताना काम सोडलं, यावरून तो रोज काय असेल ते समजावं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्या दिवसांची गावोगावची हकिकत गोळा करून सरकारपुढं मांडली; आपल्याकडं गरिबाच्या मजुरीचा त्याच्या अंगावर काय परिणाम होतो हे नेटानं लिहून काढण्याची ती फार मोलाची सुरुवात. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, कागदोपत्री त्याचं नाव ‘भीर’. पुढं १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ठिकठिकाणी दुष्काळ संहिता आल्या. त्यांच्या मुळाशी एक संशय होता: मदत सोपी केली तर ऐतखाऊ लोक गोळा होतील. म्हणून काम लांब ठेवा, जड ठेवा, मजुरी कमी ठेवा. इतकं सोसून जो येईल तोच खरा गरजू. हा संशय राज्यं बदलली तरी गेला नाही. आजही गरिबाच्या हातात पैसा द्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न तोच निघतो.

तो संशय बाजूला ठेवून विचार करणारा माणूस महाराष्ट्राला मिळाला, विठ्ठल सखाराम पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, गांधी विचारांचे, संतवाङ्मयात रमलेले. १९६० पासून पुढची अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याला काम हवं आहे आणि जो अंगमेहनत करायला तयार आहे, त्याला काम देणं हे सरकारचं देणं आहे. दुष्काळ असो वा नसो. १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या काही गावांत या विचाराची चाचणी सुरू झाली. लहान जागी करून पाहायचं, हिशेब ठेवायचा, मग मोठ्या जागी न्यायचं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १ मे १९७२ ला रोजगार हमी योजना राज्यासाठी जाहीर झाली.

आणि त्याच वर्षी पाऊस आला नाही.

आधीची दोन वर्षंही ओढीचीच होती. बहात्तरला मृग गेला, आर्द्रा गेल्या, पोळा कोरडा गेला. मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगलीचा पूर्वभाग असा सलग पट्टा करपला. वोल्फ लाडेजिन्स्की हा शेतीचा जाणकार परदेशी अभ्यासक तेव्हा दुष्काळी भागात फिरला आणि त्यानं लिहिलं की शंभर वर्षांत असा दुष्काळ झाला नाही. नवी योजना बाजूला राहिली आणि तिच्याच वाटेनं दुष्काळी कामांचा पूर आला. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं या कामांवर होती. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी. म्हणजे लेकराबाळांसकट दर दहा जणांत एक माणूस सरकारी मस्टरवर. एवढ्या संख्येला राज्यानं दर आठवड्याला मजुरी वाटली, ही गोष्ट मला आजही थक्क करते. तलाठी, ग्रामसेवक, ओव्हरसियर, हजेरी कारकून या माणसांनी तेव्हा जे केलं त्याचं ऋण आम्ही कधी बोलून दाखवलेलं नाही.

रोज साधारण दोन-तीन रुपयांचा. रेशनला मिलो यायचा, अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. आजी सांगायची, मिलोची भाकरी थापली की कडा फाटायच्या, आणि गार झाली की दाताला दाद द्यायची नाही. कामावर सुकडी वाटत. पीठ, गूळ, तेल घालून केलेली ती भुगी लेकरं मुठी भरभरून खात. आया आपल्या वाट्यातली पदरात बांधून घरी नेत. "त्या सुकडीनं तुझा चुलता वाचला," हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल.

दुष्काळानं माणसं मोडली नाहीत असं मुळीच नाही. गुरं कवडीमोलानं गेली, दागिने गहाण पडले, जमिनी लिहून दिल्या गेल्या. पण एवढा मोठा अन्नाचा तुटवडा असताना प्रेतांचे ढीग पडले नाहीत. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढं या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास करून दाखवलं की धान्य कमी असतानाही लोकांच्या हातात विकत घ्यायला पैसा राहिला म्हणून ते तगले. पोटाला मिळण्यासाठी बाजारात धान्य असणं पुरत नाही, ते घ्यायची ऐपत लागते. बहात्तरच्या खडीनं मराठवाड्याला ती ऐपत दिली.

दुष्काळ सरला आणि कामं बंद व्हायला लागली, तेव्हा लोकांना चव लागली होती. शेतमजुरांच्या संघटना, लाल निशाणवाले, कम्युनिस्ट, समाजवादी, सगळ्यांनी ‘काम द्या’ म्हणून तहसील कचेऱ्यांवर मोर्चे नेले. बीड हा त्या चळवळीला ओळखणारा जिल्हा. १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवणारा, १९७७ मध्ये गंगाधरअप्पा बुरांडेंना पाठवणारा. मोर्चात बाया पुढं असत. त्या मागत होत्या ते दान नव्हतं, बहात्तरला एकदा मिळालेली गोष्ट होती.

पैसा कुठून आणायचा याचं उत्तर १९७५ मध्ये निघालं. नोकरदार, व्यावसायिक, दुकानदार यांच्यावर व्यवसाय कर बसला, आणि असे काही खास कर मिळून जेवढी रक्कम येईल तेवढीच सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. आजही महाराष्ट्रातल्या पगारदाराच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची ओळ असते. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला तो पैसा पाटोद्यातल्या, आष्टीतल्या नाल्यावर टोपलं उचलणाऱ्या बाईच्या हातात पोचत होता. शहरानं हे का कबूल केलं याची कारणं अनेक सांगतात. दुष्काळात लोंढे शहराच्या फुटपाथवर येतात ही धास्ती त्यातलं एक. कारण काहीही असो, शहरानं खेड्याला नेमानं पैसा पाठवायचा आणि तोही कायद्यानं, असं या देशात क्वचितच घडलं आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

कायदा १९७७ मध्ये विधिमंडळानं एकमतानं मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर दिवसाला किमान एक रुपया बेकार भत्ता. बाई आणि बाप्या यांना एकच दर. खर्चाचे साठ टक्के मजुरीवर गेले पाहिजेत. कामावर प्यायचं पाणी, सावली, औषधाची पेटी आणि लहान लेकरांना सांभाळायची सोय हवी. यातली लेकरांची सोय आमच्याकडं बहुतेक जागी बाभळीच्या झोळीनंच भागवली, हे खरं. दुसरी मेख अशी की नवं काम उघडायला पन्नास मजूर लागत. एकट्या विधवेला हक्क होता, पण तो बजवायला आणखी एकोणपन्नास जण गोळा करावे लागत. तरीही हा शब्द कागदावर आला, आणि पुढं २००५ मध्ये साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला तो याच पायावर.

माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातलं मोलाचं पान मात्र कायदा लागू होण्याच्याही आधीचं आहे. १९७६ ते १९७८ या काळात नियोजन आयोगाची मूल्यमापन संघटना आणि राज्य सरकार यांनी मिळून योजनेची पाहणी केली. त्यासाठी चार जिल्हे निवडले: नाशिक, सोलापूर, भंडारा आणि बीड. अहवाल १९८० मध्ये आला. म्हणजे कामावरच्या माणसाकडं मजूर म्हणून न पाहता तुझं घर कसं चालतं, तुला जमीन किती, वर्षात किती दिवस रिकामे जातात, असं विचारणारी माणसं आमच्या जिल्ह्यात तेव्हा येऊन गेली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत कुमुदिनी दांडेकरांनी त्याच सुमाराला केलेल्या पाहणीत हमीच्या कामावरच्या दर दहा मजुरांपैकी नऊ दारिद्र्यरेषेखालचे निघाले. खेड्यातल्या एकूण लोकांत ते प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. दांडेकरबाईंनी या योजनेकडं मुद्दाम बायांसाठीचं काम म्हणून पाहिलं. ऐतखाऊ गोळा होतील या शंभर वर्षांच्या संशयाला दिलेलं हे उत्तर आहे. जी माणसं आली ती अगदी तळातली होती, आणि त्यांत जवळजवळ निम्म्या बाया होत्या.

बाया एवढ्या का आल्या? काम गावाजवळ होतं, टोळीत सोबतीण होती, आणि रोज ठरवणारा माणूस पाटील नव्हता. आजीनं पाझर तलावावर चार उन्हाळे काढले. नाल्यावर आडवा बांध घालायचा, मधोमध काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांनी मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांची रचाई. गडी टिकावानं खणायचे, बाया टोपल्यानं वाहायच्या. खणलेल्या खड्ड्यात मधेच मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवत, पोटरीपासून मांडीपर्यंत उंचीचा, माथ्यावर मूळच्या जमिनीचं गवत वाळलेलं. ओव्हरसियर त्या खुंटाला टेप लावून खड्डा किती खोल गेला ते पाही आणि त्यावर टोळीची मजुरी निघे. म्हणून खुंटाला कुणी धक्का लावू नये यावर बायांचं बारीक लक्ष. खेळता खेळता एखाद्या पोरानं त्यावरून उडी मारली तरी चार बाया ओरडत धावायच्या. त्या खुंटात सगळ्यांची आठ दिवसांची भाकरी उभी होती. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण टेपवरच्या आकड्याला किती टोपली लागतात ते ती तोंडी सांगायची आणि हजेरी कारकुनाचा हिशेब चुकला की उठून उभी राहायची. घरात सासऱ्यापुढं तिनं कधी मान वर केली नव्हती.

पहिल्या वर्षी मजुरी सासऱ्याकडंच जायची, फक्त आठ आणे ती कनवटीला ठेवायची. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिनं त्या पैशातून एक शेळी घेतली. शेळी तिची होती, हे घरानं मानलं. त्या शेळीच्या वंशावर माझ्या आत्याचं लग्न आणि चुलत्याची दहावी निभली. अहवालांत असल्या शेळ्या नसतात, पण मूलभूत उत्पन्नाच्या प्रयोगांत आज हेच शोधतात: थोडा पण खात्रीचा पैसा आला की गरीब माणूस तो उडवतो का, की त्यातून काही उभं करतो.

या कामांतून झालेलं पाणी कुणाचं झालं, हेही लिहिलं पाहिजे. पाझर तलाव भरला की खालच्या विहिरींना पाणी येई, आणि विहीर ज्याची जमीन त्याची. टोपली वाहणाऱ्याला आठवड्याची मजुरी मिळाली, बागायत मात्र दुसऱ्याची झाली. पुढं १९९० मध्ये हमीला फळबाग जोडली आणि बालाघाटाच्या माळावर सीताफळ, आंबा, बोर लागले. बीडच्या सीताफळाला आज भौगोलिक मानांकन आहे. ज्याला एकरभर मुरमाड का होईना जमीन होती त्याचं तीत भलं झालं. भूमिहीनाला पुन्हा टोपलंच. हमीतले घोटाळे, खोटी मस्टरं, मेलेल्या माणसांचे अंगठे याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, त्यातलं बरंचसं खरं आहे. तेवढंच सांगून थांबणाऱ्यांनी एकदा एखादं उन्हाळी काम बंद पडल्यावर गावात जाऊन राहावं.

१९७९-८० साली राज्यात सुमारे वीस कोटी मनुष्यदिवस काम झालं. पुढं १९८८ मध्ये हमीची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीला आणली आणि ती एकदम दुप्पट झाली. कामगाराच्या बाजूनं ही न्यायाची गोष्ट. पण तिजोरी तेवढी वाढली नाही, आणि दोन वर्षांत कामाचे दिवस जवळपास निम्म्यावर आले. रोज वाढला, कामं उघडेनात. मागेल त्याला काम हा शब्द तिथं तुटला. कायदा तोच होता, पण लोक तहसीलला अर्ज देऊन परतायचे आणि म्हणायचे, "साहेब म्हनले, काम निघालं की कळवू."

त्या तुटलेल्या शब्दाच्या जागी आमच्या जिल्ह्यात मुकादम उभा राहिला. खडीवरचा नव्हे, उसाचा.

ऊसतोडीला बीडची माणसं बहात्तरच्या आधीही जात, पण साखर कारखाने वाढत गेले आणि दुष्काळ येत राहिले तसा हा ओघ फुगत गेला. आज जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येनं माणसं दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता. कोयत्याला मुकादम आधीच उचल देतो, आता ती पन्नास हजारांपासून लाखाच्याही पुढं असते, आणि सहा महिने राबून ती फेडायची. फिटली नाही तर पुढच्या सालावर. एकाही दिवसाची सुट्टी घेतली की खाडा, आणि खाड्याचा दंड. गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढं आला तेव्हा आरोग्य खात्यानं जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी केली. १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. पाळीचे चार दिवस खाडा नको, दुखणं नको, म्हणून. हे आकडे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

हमी असताना उचल का घेता, असं शहाणी माणसं विचारतात. मी लहानपणापासून पाहिलेलं उत्तर असं: उचल आज मिळते. पोरीचं लग्न ठरलं, बाप दवाखान्यात पडला, सावकार दारात बसला, तर मुकादम रात्रीतून नोटा मोजून देतो. हमीची मजुरी राबल्यावर, मोजमाप झाल्यावर, कागद वर गेल्यावर, दोन-दोन महिन्यांनी येते. गरिबाला पैसा किती येतो याच्याइतकंच तो कोणत्या दिवशी येतो याला महत्त्व असतं. मुकादमानं हे ओळखलं. सरकारनं ओळखलं नाही, किंवा ओळखून मनावर घेतलं नाही.

याच बाबतीत मध्य प्रदेशातला प्रयोग मला जवळचा वाटतो. आपल्या होळकरांच्या इंदूर जिल्ह्यात २०११-१२ मध्ये सेवा या बायांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांतल्या प्रत्येक माणसाला दरमहा पैसे दिले. मोठ्याला दोनशे रुपये, लेकराला शंभर; वर्षानं तीनशे आणि दीडशे. जोडीला एक आदिवासी पाडाही घेतला. सहा हजारांवर माणसं, दीड वर्षाच्या आसपास, काम करा न करा, कशाची अट नाही. तुलनेला पैसे न मिळालेली गावं ठेवली आणि आधी, मधे, शेवटी घरोघर पाहणी केली. रेनाना झाबवाला, सरथ दावाला, गाय स्टँडिंग ही त्यामागची माणसं. पैसे थोडे होते, पण ठरल्या दिवशी येत. लोकांनी दारू वाढवली नाही. जेवण सुधारलं, बियाणं घेतलं, शेळ्या-कोंबड्या घेतल्या, लेकरं शाळेत टिकली. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते असं की कर्ज कमी झालं आणि आदिवासी पाड्यावर उसन्यापोटी दुसऱ्याच्या घरी सालानं बांधून राहणं कमी होऊ लागलं. उचलीचाच तो भाऊ. बालाघाटावर असा एखादा प्रयोग सप्टेंबरात, उचल वाटण्याच्या आधी, दोन-चार वाड्या-तांड्यांवर झाला असता तर किती कोयते घरी राहिले असते? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

जुलै २०२४ पासून राज्यात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. वय २१ ते ६५, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, बाईच्या आधार जोडलेल्या खात्यात महिन्याला दीड हजार. तिच्या राजकारणाबद्दल खूप बोललं गेलं. त्या पैशानं बीडच्या एखाद्या तांड्यावर काय झालं हे वही घेऊन विचारणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही, म्हणून गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मीच आमच्या नात्यातल्या आणि शेजारच्या काही बायांपाशी बसलो. पाहणी म्हणावी असं काही ते नव्हतं. कुणी सांगितलं, पोराची परीक्षा फी भरली. कुणी सांगितलं, बचत गटाचा हप्ता चुकेना. एक म्हणाली, गुडघ्याच्या गोळ्या महिनाभराच्या एकदम आणते, आधी चार-चार आणायचे. एका म्हातारीला ई-केवायसीत अंगठा उमटेना म्हणून पैसे थांबले होते. आयुष्यभर कोयता धरून बोटांवरच्या रेघाच गेल्यात, असं सांगत तिनं मला हात पुढं करून दाखवला. मला चिंध्या गुंडाळलेली आजीची बोटं आठवली.

आमच्याच वस्तीवरची एक भावजय, तिशीची, दोन लेकरांची आई. तिला विचारलं, ह्या दीड हजारानं उचल थोडी कमी घेता आली का? ती बराच वेळ चूल फुंकत राहिली. मग म्हणाली, "उचल त्येंनी घेतली, मला इचारून न्हाई. पर पोरगी ह्या खेपंला माघारी ऱ्हाणार. वसतिगृहात. तिच्या खर्चाला माझं पैसं हायती." नवरा बाजूलाच बसला होता. तो काही बोलला नाही.

दसऱ्यानंतर त्यांची टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, गोधड्या, पाण्याची टाकी, दोन शेळ्या, वर माणसं. धाकटं पोर तिच्या मांडीवर होतं, थोरली फाट्यावर तिच्या आजीचा हात धरून उभी. ट्रॉली हलली तेव्हा भावजयीनं पोलक्यात हात घालून काहीतरी चाचपलं आणि मला म्हणाली, "भाऊजी, पोरीकडं लक्ष ठिवा." प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं तिचं पासबुक तिनं सासूकडं ठेवलेलं नव्हतं, सोबत घेतलं होतं.